रात्री साडेनऊचा कॉल बंद करायचाय, पण मग बोलायचं कसं?

कल्याण_स्लो | १६ ऑक्टोबर, रात्री ११:१२

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज मात्र डोकं इतकं तापलंय की लिहितेच.

आम्ही सात जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासायचं एक छोटं ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) टूल चालवतो, हनस्पेल या स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वर बांधलेलं. नाव सांगत नाही, जाहिरात वाटायला नको. पगार कोणालाच नाही, आपापल्या नोकऱ्या सांभाळून चाललंय. मी डोंबिवलीला, एक मुलगा वसईचा, एक जण पुण्यात, एक बर्लिनला, दोघं टोरांटोला, आणि शब्दकोशाचं मूळ काम जिने केलं ती ताई मेलबर्नला. दर गुरुवारी रात्री साडेनऊला कॉल. तेव्हा बर्लिनला संध्याकाळचे सहा, टोरांटोला दुपारचे बारा आणि मेलबर्नला पहाटेचे तीन, म्हणजे ती कॉलवर कधीच नसते. आणि मी असून नसल्यासारखी, कारण परळहून निघून दादरला पावणेनऊची गाडी पकडली की बरोब्बर साडेनऊला कळवा-मुंब्र्याच्या मध्ये, एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात "मॅडम जरा सरका ना", आणि रेंज गेली की मधली तीन मिनिटं गायब.

गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते. "आचाऱ्यांना" हा शब्द काही लोकांकडे लाल रेघेखाली येत होता. कारण तो ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, दिसतो सेम टु सेम, पण आत कोड वेगळे. कॉलवर ठरलं की एकच प्रकार ठेवायचा, दुसरा आला की बदलून घ्यायचा. टोरांटोवाल्याने त्याच दिवशी कोड टाकला. मेलबर्नची ताई सकाळी उठली तर तिने चार वर्षं जमवलेल्या शब्दयादीतले दोनेकशे शब्द चुकीचे ठरलेले. तिने सरळ सगळं उलटं फिरवलं. टोरांटोवाला म्हणतो "कॉलवर ठरलं होतं", ती म्हणते "कुठे लिहिलंय दाखव". लिहिलेलं कुठेच नव्हतं. आता दोघं बोलत नाहीत आणि मी मधे सँडविच.

तर प्रश्न असा, की कॉल न करता अशी टीम चालवता येते का? मोठे प्रोजेक्ट कसं करतात? आणि आम्हाला झेपेल असं काय आहे?

पॉपकॉर्न_शेंगदाणे | १६ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मी पयला. कॉल बंद करा. धन्यवाद.

जुना_पॅच | १७ ऑक्टोबर, पहाटे १२:४८

धागाकर्ती ताई, येतं चालवता, आणि सातच काय, हजारो लोकांचं येतं. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीचा गाभा, १९९१ पासून चालूय आणि आजही बहुतेक सगळं काम ईमेलवर होतं. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, साध्या मजकुराच्या मेलमध्ये पाठवायचा, लोक त्यातल्या ज्या ओळीवर बोलायचंय त्या ओळीच्या खालीच उत्तर लिहितात. वर "ओके थँक्स" आणि खाली अख्खं रामायण जसंच्या तसं चिकटवलं तर कोणीतरी ओरडतंच. मला पहिल्याच पॅचला तीन जणांनी सांगितलं होतं की बाबा ओळीखाली लिही. तेव्हा राग आला, आता कोणी वर लिहिलं की मलाच येतो.

यातली खरी गंमत म्हणजे "मी झोपलो होतो" ही अडचणच उरत नाही. मी रात्री विरारला बसून पॅच टाकतो, सकाळी उठतो तोवर कोणा युरोपातल्याने दोन चुका काढलेल्या असतात, मी चहा पिता पिता त्या सुधारतो, संध्याकाळी अमेरिकेतला बघतो. कोणी कोणासाठी जागत नाही. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबून मग आठवण करायची, हे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. आपल्याकडे आठ मिनिटं थांबत नाहीत, दोन निळ्या टिका दिसल्या की फोन.

तुमच्या भांडणात दोघंही बरोबर आहेत असं माझं मत. चूक कॉलची आहे.

चहा_कमी_साखर | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

सगळं खापर कॉलवर फोडू नका राव. मी एका वितरित टीममध्ये आहे (नोकरीत, ओपन सोर्स नाही), आमच्याकडे "सगळं लिखित" असा फतवा निघाला आणि सहा महिन्यांत माणसं एकमेकांना ओळखेनाशी झाली. कोणी "पाहतो" लिहिलं की ते रागाने लिहिलंय की कामात आहे म्हणून, हेच कळेना. माझी एक सहकारी दर वाक्यानंतर पूर्णविराम द्यायची आणि मी वर्षभर समजत होतो की ती माझ्यावर चिडलीये. भेटलो तेव्हा कळलं, शाळेत मराठीच्या बाईंनी सवय लावलेली.

दोन माणसं बोलत नाहीयेत ना, मग आधी त्यांचा एक कॉल लावा. लिहून भांडण मिटलेलं मी पाहिलेलं नाही.

कल्याण_स्लो | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:३१

@चहा_कमी_साखर, लावला असता हो, पण टोरांटो आणि मेलबर्न यांच्यात पंधरा तास आहेत. एकाचं जेवण झालेलं असतं तेव्हा दुसरीचा ब्रश चाललेला असतो. (गाडीत आहे, उभी. बाकीचं संध्याकाळी.)

नस्ती_बंद | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:१५

मला तुमच्या संगणकातलं फारसं कळत नाही, मुलीने हा धागा वाचायला दिला. मंत्रालयात एकतीस वर्षं काढली, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वाचता वाचता हसू आलं, कारण तुम्ही जे शोधताय ते आम्ही रोज करत होतो आणि लोक त्याला लालफीत म्हणून शिव्या घालत होते.

नस्ती म्हणजे फाइल. तिचे दोन भाग, एक पत्रव्यवहाराचा आणि एक टिपणीचा. टिपणीत परिच्छेदांना क्रमांक घालायचे. आधी विषय काय, मग आजवर काय घडलं, मग नियम काय म्हणतो, मग पर्याय, आणि शेवटी माझं मत, खाली सही आणि तारीख. आधाराचा कागद असेल तिथे पताका लावायची आणि टिपणीत लिहायचं, "पताका अ कृपया पाहावी". मग ती अवर सचिवांकडे, तिथून उपसचिवांकडे. मी कधी त्यांच्या केबिनमध्ये गेलो नाही तरी चालायचं, कारण त्यांना जे विचारावंसं वाटेल त्याचं उत्तर आधीच कागदावर असायचं. नसेल तर नस्ती खाली यायची, आणि तो माझा नाकर्तेपणा समजला जायचा, त्यांचा नव्हे.

आता तुमच्या दुखण्याकडे येतो. आमच्याकडे एक शेरा असायचा, "चर्चा करावी". साहेबांनी तो मारला की आपण नस्ती घेऊन वर जायचं, दहा मिनिटं बोलणं व्हायचं, खाली येऊन लिहायचं, "चर्चेनुसार फेरसादर". आणि मग मंजुरी. आता दहा वर्षांनी कोणी माहितीच्या अधिकारात ती नस्ती मागितली की सगळं स्वच्छ दिसतं, फक्त निर्णय जिथे फिरला तिथे नुसतं "चर्चेनुसार". चर्चेत काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक, एक बदलून गेलेला आणि दुसरा निवृत्त. तुमच्या टोरांटोच्या मुलाने "कॉलवर ठरलं होतं" म्हटलं ते नेमकं हेच "चर्चेनुसार" आहे.

मी माझ्या हाताखालच्यांना सांगायचो, चर्चा खुशाल करा, पण खाली आल्यावर जागेवर बसायच्या आत चार ओळी लिहा की काय बोलणं झालं, आणि साहेबांची त्यावर सही घ्या.

पॉपकॉर्न_शेंगदाणे | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:२२

काका _/\_ वाखुसाव (वाचनखूण साठवली). मंत्रालय गिटहबच्या (प्रोग्रॅमर कोड आणि त्यावरची चर्चा ठेवतात ती साइट) आधी गिटहब होतं हे आज कळलं.

खडूस_कांदेपोहे | १७ ऑक्टोबर, दुपारी १:४०

काका, आदर आहे, पण एक नस्ती किती महिने फिरायची तेही सांगा की. आणि २०१२ च्या २१ जूनला मंत्रालयाला आग लागली तेव्हा त्या सुंदर टिपण्यांचं काय झालं तेही.

नस्ती_बंद | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:०२

खरं आहे. त्या दिवशी मी खाली रस्त्यावर उभा राहून वरचे मजले जळताना पाहिले. नंतर कित्येक महिने इतर कार्यालयांतून प्रती मागवून नस्त्या पुन्हा उभ्या करत होतो. ज्यांची प्रत कुठेतरी गेलेली होती त्या परत मिळाल्या. तुमच्यात प्रत्येकाच्या यंत्रावर सगळी प्रत असते असं मुलगी म्हणाली, ते उत्तम.

उशिराबद्दल म्हणाल तर नस्ती फिरायला वेळ लागत नसे, टेबलावर पडून राहायला लागे. टेबलावर किती दिवस ठेवता येईल याची मुदत असती तर तुम्ही आम्हाला शिव्या दिल्या नसत्या.

सूचक_अनुमोदक | १७ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मुदतीचा विषय निघाला म्हणून लिहितो. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये (ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवणारी १९९९ ची संस्था) दोन गोष्टी अगदी तुमच्यासाठीच केल्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्यांच्यात म्हणच आहे, जे मेलिंग लिस्टवर (सगळ्या सभासदांना जाणाऱ्या सामूहिक ईमेलवर) झालं नाही ते झालंच नाही. तुम्ही कुठे भेटा, चहा प्या, फोन करा, पण ठरवायचं लिस्टवर. दुसरं म्हणजे मतदान किमान ७२ तास उघडं ठेवायचं, ते यासाठी की जगात कोणीही कुठेही झोपलेला असो, शनिवार-रविवारच्या सुट्टीवर असो, त्याला वाचायला मिळावं. मत +१, ० किंवा -१. कोडच्या बदलाला -१ म्हणजे थेट नकाराधिकार, पण तांत्रिक कारण लिहावं लागतं, नुसतं "मला नाही आवडलं" चालत नाही. आणि छोट्या गोष्टींसाठी मतदान पण नको, "मी अमुक करतोय, ७२ तासांत कोणी हरकत घेतली नाही तर करून टाकेन" असं लिहायचं आणि करून टाकायचं.

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे (बोरिवली, बेचाळीस फ्लॅट, देव कोणावर अशी वेळ न आणो). तिथे हेच आहे बघा, ठराव, सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, आणि इतिवृत्तावर हरकतीची मुदत. फरक इतकाच की आमच्याकडे इतिवृत्त कोणी वाचत नाही आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "हे कधी ठरलं???" तीन प्रश्नचिन्हांसकट येतं. मी उत्तर देत नाही, पान नंबर टाकतो. दोन वर्षं झाली, आता विचारायचे थांबलेत. किंवा मला ब्लॉक केलं असेल.

एक लक्षात ठेवा, गप्प बसणं म्हणजे होकार हे मुदत आधी जाहीर केली असेल तरच. नंतर "तू काही बोलली नाहीस म्हणजे तुला मान्य होतं" म्हणणं ही लबाडी आहे.

मध्य_रेल्वेचा_नवरा | १७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

डबेवाले बघा! एक फोन नाही, डब्याच्या झाकणावर चार खुणा, आणि जेवण बरोबर टेबलावर.

पॉपकॉर्न_शेंगदाणे | १७ ऑक्टोबर, रात्री १०:११

आले आले, डबेवाले आले. मुंबईचा कुठलाही धागा, विसाव्या प्रतिसादाच्या आत डबेवाले.

मध्य_रेल्वेचा_नवरा | १७ ऑक्टोबर, रात्री १०:२५

हसा. पण मुद्दा ऐका, डबा हातात घेणाऱ्याला कोणाला विचारावं लागत नाही, कारण कुठून उचललाय, कुठल्या स्टेशनात उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला हे झाकणावर असतं. ताईंच्या ग्रुपवर मेसेज पडतो "तो कालचा इश्यू बघ ना". कुठला कालचा? कोणाचा काल? मेलबर्नला तेव्हा परवा झालेला असतो.

संपादक मंडळ | १७ ऑक्टोबर, रात्री १०:४०

डबेवाल्यांवर चर्चा वाढल्यास वेगळा धागा काढावा ही विनंती.

पापडी_तलाव | १८ ऑक्टोबर, पहाटे १:३०

ताई, मीच तो वसईचा मुलगा. तू इथे लिहिशील असं वाटलं नव्हतं, "आचाऱ्यांना" वाचलं आणि कळलं. आयडी आजच काढला.

मी कॉलवर कधी बोलत नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल, किंवा नसेलही. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून. बर्लिनचा दादा आणि टोरांटोचे दोघं कॉलवर इंग्रजीत भरभर बोलतात. मी मनात वाक्य जुळवतो, म्यूट काढतो, तोवर विषय पुढे गेलेला असतो, मग परत म्यूट. ऱ्य वाल्या कॉलला मला माहीत होतं की मेलबर्नच्या ताईंच्या यादीतले शब्द जातील, कारण त्या यादीवर स्क्रिप्ट मीच चालवलेली. पण ते बोलायला मला वीस सेकंद लागले असते आणि तेवढा गॅप पडलाच नाही.

लिहायचं असतं तर मी अर्धा तास घेऊन, दोनदा तपासून लिहिलं असतं.

कल्याण_स्लो | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

अरे. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटायचं तुझ्याकडे आवाज नीट येत नाही. फोन करते... नाही, नको, मेल करते :)

चहा_कमी_साखर | १८ ऑक्टोबर, सकाळी ९:००

@पापडी_तलाव, माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

खडूस_कांदेपोहे | १८ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

सगळे लिखिताच्या आरत्या ओवाळताय म्हणून मी जरा उलटं बोलतो, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

लिहिलं की माणूस शहाणा होतो असं काही नाही. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचे मेल एके काळी इतके जहाल असायचे की २०१८ च्या सप्टेंबरात त्याने स्वतःच माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाला. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्याच वर्षी पीईपी ५७२ या बदलाच्या लेखी प्रस्तावावरून, म्हणजे एका चिन्हावरून, इतकी लिखापढी झाली की भाषेचा जनक गिडो व्हॅन रोसम जुलैमध्ये म्हणाला बास, यापुढे अंतिम शब्द माझा नाही. त्यानंतर पाच जणांचं मंडळ निवडून आणावं लागलं. हे दोन्ही लिखितच होतं बरं का. कॉलवर माणूस निदान दमतो, मेलवर रात्री दोनला सातवा मुद्दा सुचतो.

आणि पापडी_तलाव म्हणतोय ते खरं असलं तरी उलटं पण आहे. लिहिलेलं कायम राहतं. मी तेवीस वर्षांचा असताना एका मेलिंग लिस्टवर केलेला बावळटपणा आजही माझं नाव शोधलं की वर येतो. नवीन पोरं त्या भीतीने लिहितच नाहीत.

जुना_पॅच | १८ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

@खडूस, पीईपीचं अर्धंच सांगितलंत. वाद कितीही झाला तरी तो कागद आजही आहे, त्यात नाकारलेले पर्याय आणि ते का नाकारले ते लिहिलंय. नवा माणूस आला आणि "पण असं का नाही केलं?" म्हणाला की त्याला तिकडे पाठवता येतं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतही २०१४ पासून आरएफसीची, म्हणजे बदलाचा प्रस्ताव लिहून सगळ्यांची मतं मागवायची, पद्धत आहे, आणि शेवटी दहा दिवसांची अंतिम मुदत जाहीर करतात, बोलायचंय त्याने आत्ता बोला. वाद अनंत चालू नये म्हणूनच ती मुदत आहे.

सातव्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे इलाज नाही, मलाही रात्री दोनलाच सुचतो. आता मी मसुद्यात ठेवतो आणि सकाळी वाचतो. दहापैकी सात वेळा पुसतो.

गिरगावची_वेळ | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

अवांतर आहे पण राहवत नाही. वेळेचे घोळ मुंबईला नवे नाहीत. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईची स्वतःची वेळ होती, ३९ मिनिटं मागे, आणि कारभारात ती १९५५ पर्यंत टिकून होती. आजोबा सांगायचे की कोणी वेळ दिली की आधी विचारायचं, कुठली, मुंबईची की रेल्वेची?

आता कामाचं. २६ ऑक्टोबरला बर्लिनची घड्याळं एक तास मागे जातील, २ नोव्हेंबरला टोरांटोची, मेलबर्नची याच महिन्यात पुढे गेलीयेत, आणि आपलं घड्याळ हलतच नाही. म्हणजे मधल्या एका आठवड्यात तुमच्यातल्या प्रत्येक जोडीचं गणित वेगळं. मुदत देताना "शुक्रवार संध्याकाळपर्यंत" असं लिहू नका, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) तारीख-वेळ लिहा. आपल्यासाठी त्यात साडेपाच मिळवले की झालं. नेपाळी कोणी घेतलात टीममध्ये तर पावणेसहा.

ठाण्याची_ठमी | १८ ऑक्टोबर, रात्री ८:२०

मला सगळ्यात राग कशाचा येतो सांगू का, "हाय" चा. नुसतं "हाय". मग आपण "बोल" लिहायचं. मग समोरचा टायपिंग... टायपिंग... आणि "बिझी आहेस का?" अरे बाबा, तुझा प्रश्न कळल्याशिवाय मला कसं कळेल मी बिझी आहे का. टाइमझोन वेगळा असेल तर या "हाय-बोल" मध्ये दोन दिवस जातात. पहिल्याच मेसेजमध्ये काय हवंय, काय करून बघितलं, काय एरर आली, आणि कधीपर्यंत हवंय.

बाकी चॅटवर एकच सलग नदी वाहत असेल तर सकाळी उठणाऱ्याला काही सापडत नाही. झुलिप या चॅट अ‍ॅपसारखं प्रत्येक विषयाचं वेगळं नाव असलेलं काही वापरा, रस्टवाले पण तेच वापरतात.

पॉपकॉर्न_शेंगदाणे | १८ ऑक्टोबर, रात्री ८:२१

हाय

ठाण्याची_ठमी | १८ ऑक्टोबर, रात्री ८:२२

तू थांबच.

जुना_पॅच | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

एक गोष्ट राहिली आणि ती गमतीची नाही. आठवण करणं आणि मागे लागणं यात फरक ठेवा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं, आठवत असेल. वर्षानुवर्षं एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये लिस्टवर काही जण त्याच्या मागे लागले, पॅच घ्यायला इतका उशीर का, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. तो बिचारा लिहित होता की तब्येत बरी नाही, हे फुकटचं काम आहे. शेवटी ज्याला अधिकार मिळाले त्यानेच चोरदरवाजा घुसवला. आणि ते मागे लागणारे लोक बनावट असावेत असा अनेकांचा कयास आहे. पकडलं कोणी, तर एका माणसाला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदलं, आणि सगळ्यांना दिसेल अशा लिस्टवर सविस्तर लिहिलं.

तेव्हा ताई, टीमच्या नियमात हेही लिहा की उत्तर द्यायला उशीर झाला तर तो गुन्हा नाही. घरी आजारपण असतं, दिवाळी असते.

चहा_कमी_साखर | १९ ऑक्टोबर, सकाळी १०:४५

चकल्या असतात.

कल्याण_स्लो | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५८

मंडळी, चार आठवड्यांनी परत आले, धागा वर काढतेय.

दिवाळीत निवांत बसून काकांच्या पद्धतीने एक टिपणी लिहिली. परिच्छेदांना क्रमांक घातले, बर्लिनवाला म्हणाला हे काय कोर्टाचं आहे का, पण आता तोच "तुझा परिच्छेद ४ पटत नाही" असं लिहितो. विषय तोच, ऱ्य. सगळ्यात वर दोन वाक्यं लिहिली: आचार्यांना दक्षिणा दिली. आचाऱ्यांना दक्षिणा दिली. खाली लिहिलं की पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. टोरांटोतला एक जण तिथेच वाढलाय, मराठी ऐकून येते पण वाचायची सवय नाही, त्याला आजवर हा फरक माहीतच नव्हता! तो सहा कॉलना "व्हॉट्स द बिग डील" म्हणत होता आणि आम्ही समजत होतो की तो उद्धट आहे.

मग दोन्ही कोड लिहिले. एक ऱ, हलन्त, य. दुसरा साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडणारा झेडडब्ल्यूजे, मग य. पापडी_तलावने (आता नाव फुटलंच आहे) त्याखाली आपणहून तीन पानांची नोंद जोडली, की युनिकोडमध्ये पहिला प्रकार मुख्य आणि दुसरा आवृत्ती २.० शी सुसंगत राहावं म्हणून ठेवलेला, आमच्या यादीत कुठला किती वेळा आलाय, आणि एकात दुसरा बदलला तर काय काय मोडेल. तीन पानं! वर्षभरात कॉलवर तीन वाक्यं बोलला नसेल. त्याचा उपाय असा की यादीला हात लावायचा नाही, तपासताना फक्त दोन्ही प्रकार एक समजायचे. मेलबर्नच्या ताईने +१ दिलं आणि टोरांटोवाल्याने त्यावर कोड लिहिला. दोघं अजून फार बोलत नाहीत, पण त्याने कोडच्या नोंदीत तिच्या यादीचा उल्लेख केला आणि तिने त्याला अंगठा दिला. एवढं पुरे आहे मला.

घोळ पण झाला. दुसऱ्या एका प्रस्तावाला ७२ तास दिले, शुक्रवारी रात्री सुरू केले, पुण्याचे काका नेमके लग्नाला गेलेले, सोमवारी रात्री परत येतात तर मुदत संपलेली. जाम चिडले, आणि बरोबरच होतं. आता ७२ तासांत निदान दोन कामाचे दिवस आले पाहिजेत असं केलंय, आणि लांब जाणार असेल त्याने आधी सांगायचं. बघू किती टिकतं.

कॉल पूर्ण बंद नाही केला. महिन्यातून एक ठेवलाय, आळीपाळीने एकेकाच्या सोयीच्या वेळेला, त्यात काहीही ठरवायचं नाही. पहिला मेलबर्नच्या वेळेने झाला, आमच्याकडे दुपारचे दोन, रविवार. टोरांटोवाल्याला पहाटेचे साडेतीन, तरी आला. अर्धा तास त्याने ताईला चकलीची भाजणी विचारली.

नस्ती_बंद | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

वाचून बरं वाटलं. त्या महिन्याच्या कॉलमध्ये कधीतरी काहीतरी ठरेलच, तेव्हा कोण लिहिणार ते आत्ताच ठरवून ठेवा.

चहा_कमी_साखर | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२०

भाजणीचं प्रमाण पण लिहून ठेवा. चर्चेनुसार नको.

खडूस_कांदेपोहे | १३ नोव्हेंबर, रात्री ९:२८

सहा महिन्यांनी परत विचारेन. तोवर +०.

पॉपकॉर्न_शेंगदाणे | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, आज गुरुवार, साडेनऊ वाजले. कुठे आहात?

कल्याण_स्लो | १३ नोव्हेंबर, रात्री ९:५२

मुंब्र्याला रेंज गेली होती. आत्ता डोंबिवलीला उतरले.